एझ्राच्या भिंतीतला जोडा

साल दोन हजार चोवीस, आणि मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. आमच्यातले लोक या वयात काशीला जातात, मी अमेरिकेला गेलो. ओहायो नावाच्या राज्यात कोलंबस शहर आहे. त्याच्या कडेला डब्लिन म्हणून गाव आहे, तिथं माझा मुलगा संजय नोकरीला असतो. त्याची आई गेल्यापासून तो बोलवत होता आणि मी नाही म्हणत होतो. शेवटी सूनबाईनं फोन केला. म्हणाली, "आप्पा, आम्ही नवीन घर बांधतोय. तुम्ही नसाल तर वास्तुशांत करायचीच नाही." संजयचा शब्द मी कितीदा मोडला असेल, पण सुनेचा मोडवेना. गेलो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सगळा जन्म गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून, उसाचा रस आटवून गूळ करण्यात गेला. परत आल्यावर आमच्या वाचनालयातली माणसं म्हणाली, आप्पा, अमेरिका बघून आलात, ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी चार पानं लिहा. सगळी अमेरिका काही मी बघितली नाही. त्यातलं एक घर नीट बघितलं. त्याचंच लिहितो.

विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. बसलो, कान दुखले, उतरलो.

डब्लिन

पहिले काही दिवस मला वाटायचं, गावात काहीतरी झालंय आणि लोकांना बाहेर पडायची बंदी आहे. रस्ते स्वच्छ, झाडं देखणी, घरं एका साच्यातनं काढलेल्या गुळाच्या ढेपांसारखी सारखी. आणि माणूस दिसेल तर शपथ.

सूनबाईला विचारलं, "माणसं कुठायत गं?"

"ऑफिसला जातात न आप्पा सगळे." ती नागपूरची आहे. तिच्या बोलण्यात हा 'न' सारखा येतो, आणि कानाला बरा वाटतो.

"आणि म्हातारी?"

"म्हातारी आत असतात."

शेजारी एक गोरा म्हातारा होता, तेवढा बाहेर दिसायचा. तो यंत्रानं गवत कापायचा आणि ते गवत पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवायचा. सरकारी गाडी येऊन घेऊन जायची. एवढं हिरवंगार गवत, ना म्हशीला ना शेळीला. मी सूनबाईला म्हटलं, त्याला विचार, एक म्हैस का पाळत नाही. तिनं खरंच विचारलं. तो पोट धरून हसला आणि त्या दिवसापासून मला बघितलं की लांबूनच हात करायचा. हंबरायचा पण.

जेवणाचे हाल झाले नाहीत. ज्वारीचं पीठ तिथल्या देशी दुकानात मिळतं, जुनं असतं, पण भाकरी होते. गूळ मिळतो तो मी एकदा चाखला आणि परत डब्यात टाकला.

भांडण झालं ते बुटांवरनं सुरू झालं. माझ्या पायात कोल्हापुरी वहाण असते. तीच मी विमानात घालून गेलो होतो. दोनदा तळ घातलेली, माझ्या पायाला बसलेली. संजय म्हणाला, "आप्पा, इथं ऑक्टोबरनंतर वहाणांत पाय फुटतील. बूट घेऊया तुम्हाला."

"मी कधी बूट घातलेत?"

"तिकडं थंडी कुठं असते एवढी?"

"थंडी पडायच्या आत मी घरी असेन."

"वास्तुशांत डिसेंबरात आहे."

"मग आधी कर."

"ते माझ्या हातात नाही आप्पा, बिल्डरच्या हातात आहे."

हे असं रोज थोडं थोडं चालायचं. मग एका रविवारी त्यानं मला ते नवीन घर बघायला नेलं. घर कसलं, नुसता लाकडाचा सापळा उभा होता. तिथं विटा रचत नाहीत. फळकुटांची चौकट उभी करतात, तिच्या पोटात गुलाबी कापूस भरतात आणि वरनं पांढरे तक्ते ठोकतात, त्याला ड्रायवॉल म्हणतात. झाली भिंत. मी गाडीतनं उतरून रस्त्यावरच उभा राहिलो आणि वर खाली बघितलं.

"काळी बाहुली कुठाय?" मी विचारलं.

आपल्याकडं घर बांधायला काढलं की पुढं काळी बाहुली नाहीतर तुटकी वहाण उलटी टांगतात. येणाऱ्या जाणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडावी, घरावर पडू नये. माझ्या घराला मी स्वतःची वहाण टांगली होती.

"आप्पा, इथं घरवाल्यांचं असोसिएशन असतं. बाहेर काही लटकवलं की नोटीस येते," संजय म्हणाला.

"दृष्ट लागल्यावर ती उतरवायला असोसिएशन येणार आहे का?"

सूनबाई हसली. संजय हसला नाही. त्यानं हात लांब करून दाखवलं. "ती खालची खिडकी दिसते का? ती तुमची खोली. बाथरूम आतच आहे. जिना चढायला नको."

"माझी खोली?"

"हो. आता तिकडं एकटं कशाला राहायचं?"

"मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं, आप्पा?"

तिथं माझं डोकं फिरलं. गावात माझं घर आहे. लहान आहे, पण एकेका हंगामाला एकेक भिंत चढवून मी ते उभं केलंय. त्याच घरात ह्याची आई गेली. घर बांधणाऱ्या माणसाला दुसऱ्यानं खोली द्यायची, आणि तीही न विचारता? मी त्या रस्त्यावर उभा राहूनच बोललो, "मी पाहुणा म्हणून आलोय, पाहुणा म्हणून जाणार. तुझ्या ह्या घरात मी पाऊल टाकणार नाही. दिवाळीच्या आतलं तिकीट काढ माझं."

संजय गाडीत जाऊन बसला. म्हातारा माणूस एखादा शब्द बोलून जातो आणि मग तो शब्द राखत बसतो. तसं माझं झालं. पुढचे दिवस बापलेक एका टेबलावर जेवत होतो आणि मीठ सुनेकडून मागत होतो.

एझ्राचं घर

हे काही सूनबाईला बघवेना. एके दिवशी तिनं रजा काढली आणि म्हणाली, "चला न आप्पा, एक जुनं घर दाखवते. तुम्हाला घर बांधणारी माणसं आवडतात न."

नदीच्या काठानं रस्ता होता. झाडांची पानं लाल पिवळी व्हायला लागली होती. आपल्याकडं पान असं गळायच्या आधी नटत नाही, मुकाट गळतं. ते घर एका उंचवट्यावर होतं, दगडी, जाड भिंतींचं, लहान लहान खिडक्यांचं. पहिल्यांदाच त्या देशात मला घरासारखं घर दिसलं.

दाराशी एक गोरी बाई उभी होती, माझ्याच वयाची, नाव नॅन्सी. ती फुकट काम करते, आल्यागेल्याला घर दाखवते. मी उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या. ती म्हणाली, काढायची गरज नाही, सगळे बूट घालूनच आत जातात.

मी सूनबाईला म्हटलं, "तिला सांग, घरधनी नसला म्हणून काय झालं, घर त्याचंच आहे."

सुनेनं सांगितलं. नॅन्सीबाईनं माझ्याकडं जरा बघितलं आणि म्हणाली, "तुमची मर्जी. पण फळ्या जुन्या आहेत, कुसळ जाईल."

"उसाच्या फडात जन्म गेला," मी म्हणालो. "कुसळाला मी भीत नाही."

मग तिनं ते घर सांगितलं. ती बोलायची, सूनबाई मला मराठीत सांगायची. बांधणाऱ्याचं नाव एझ्रा. दोनशे वर्षांमागं तो पूर्वेकडनं, डोंगर ओलांडून, बैलगाडी घेऊन आला. बरोबर बायको आणि एक कुऱ्हाड. तेव्हा इथं नुसतं जंगल, माणसाच्या कवेत न मावणारी झाडं. पहिला हिवाळा त्यांनी ओंडक्यांच्या खोपटात काढला, फटींत चिखल भरून. मग झाडं तोडली, रान केलं, आणि नदीतला दगड काढून हे घर बांधलं.

मी विचारलं, "त्याच्या आधी इथं कुणीच नव्हतं?"

सूनबाईनं ते तिला विचारलं. नॅन्सीबाई म्हणाली, "होते की, इथले मूळचे लोक. ही नदी त्यांची होती. त्यांना पश्चिमेला हाकलून दिलं. घर दाखवताना आम्ही ते आधी सांगायला पाहिजे, आणि आम्ही शेवटी सांगतो."

हे मला आवडलं. आपल्याकडं धरणाखाली गेलेल्या गावांची माणसं आमच्या शिवारात येऊन राहिली आहेत. त्यांना कुणी गाव विचारलं की ती जुन्याच गावाचं नाव सांगतात. तिकडं पश्चिमेला गेलेली माणसंही ह्याच नदीचं नाव सांगत असतील.

मागच्या पडवीत रस आटवायच्या पसरट कढईसारखी मोठी लोखंडी काहील ठेवली होती, आणि खाली चूल. मी म्हटलं, "हे तर गुऱ्हाळ." बाई म्हणाली, ऊस नव्हे, मेपल नावाचं झाड असतं, त्याच्या खोडाला भोक पाडून पाणी काढायचं आणि ते आटवायचं.

"झाडाच्या पाण्याचा गूळ होत नसतो," मी म्हणालो.

"आप्पा, होतो खरंच," सूनबाई म्हणाली.

"तू गप. मी गुळव्या आहे."

नॅन्सीबाईनं काही वाद घातला नाही. आतनं एक डबी आणली आणि पानाच्या आकाराची एक वडी माझ्या हातावर ठेवली. तोंडात टाकली. गूळच होता. जरा धुराच्या वासाचा, पण गूळ. तो मी सावकाश चघळून संपवला. मग म्हणालो की उसाचा जास्त चांगला. ते तिनं मान्य केलं नाही. ती पण हट्टी होती.

तिथनं पुढच्या खोलीत जाताना माझ्या टाचेत कुसळ गेलं. चांगलं बोटाच्या पेराएवढं. मी दात दाबून तसाच चालत राहिलो, पण पाय टेकवेना. नॅन्सीबाईच्या लक्षात आलं. 'मी सांगितलं होतं' असं काही ती म्हणाली नाही, पण तिच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं. समोर एक लहान खोली होती, आत जाऊ नये म्हणून दोरी लावलेली. तिनं ती दोरी सोडली आणि आत बाकावर मला बसवलं.

सूनबाईनं पर्समधली पिन काढली आणि माझा पाय मांडीवर घेतला. सुनेनं पाय हातात घ्यावा हे मला अवघड वाटत होतं.

"हलू नका न, आप्पा."

"मी कुठं हलतोय? तू टोचतेस."

तेवढ्या वेळात नॅन्सीबाईनं त्या खोलीचं सांगितलं. ही खोली एझ्रानं बापासाठी बांधली होती. बाप डोंगराच्या पलीकडं जुन्या गावात एकटा राहायचा. म्हाताऱ्याच्या हाडांना ऊब मिळावी म्हणून खोली धुराड्याला लागून काढली, खिडकी दक्षिणेला ठेवली. दर वर्षी एझ्रा निरोप धाडायचा की या. बाप म्हणायचा, रस्ता सुकला की येतो. मग म्हणायचा, पीक निघालं की येतो. बाप कधी आला नाही. एझ्राच्या घरात पुढं पोरं झाली, जागा पुरेना, तरी ही खोली त्यानं दुसऱ्या कुणाला दिली नाही, असं त्याच्या घराण्यातले लोक सांगतात.

"आणि हे," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीकडं तिनं बोट केलं.

आत एक जोडा होता. एकच, पुरुषाचा, वाळून लाकूड झालेला. घर दुरुस्त करताना ह्याच खोलीच्या भिंतीत, धुराड्याच्या कडेला दगडांच्या मधे सापडला. पूर्वी तिकडं रीत होती, ती म्हणाली, घर बांधताना कुणाचा तरी वापरून झिजलेला जोडा भिंतीत घालायचा. वाईट बाहेर राहावं म्हणून.

मी सूनबाईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, पिन तशीच हातात.

"ह्यांच्यात पण वहाण टांगतात," मी म्हटलं. "फक्त आतनं."

"बहुतेक घरांत लहान पोराचा जोडा सापडतो," नॅन्सीबाई म्हणाली. "हा म्हाताऱ्याचा आहे. काही लोक म्हणतात, एझ्रा एकदा बापाला आणायला स्वतः गेला होता. बाप आला नाही, म्हणून त्याचा जोडा घेऊन आला. पुरावा काही नाही. मी आपली मानते."

मी पेटीजवळ जाऊन बघितलं. तळाला ठिगळ होतं. टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली होती.

मला माझा बाप आठवला. मी घर बांधलं तेव्हा पुढची सोप्याची खोली त्याच्यासाठी ठेवली होती, नवीन बाजलं टाकलं होतं. तो जेवायला यायचा, हात धुवायचा आणि झोपायला आपल्या जुन्या गोठ्यात निघून जायचा. मरेपर्यंत असंच. मी त्याला कधी बोललो नाही. पण संध्याकाळी मोकळ्या बाजल्याकडं बघून बायको म्हणायची, दुसरं कुणीतरी झोपवा त्यावर. मी झोपवू दिलं नाही. आता हे आठवायचं काही कारण नव्हतं, पण त्या काचेपुढं उभा राहिलो आणि आठवलं. बापानं का असं केलं, हे मला जन्मभर कळलं नव्हतं. आता कळलं, कारण त्याच्या जागी मीच उभा होतो. आणि त्यानं मागं ठेवलं काय, तर रिकामं बाजलं.

बाहेर आल्यावर वहाणा घालताना मी डावी उलटी करून बघितली. टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली. मी ती घातली आणि नॅन्सीबाईला नमस्कार केला. तिनंही हात जोडले, जरा वाकडे, पण जोडले.

सूनबाईनं गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाली, "आप्पा, एक सांगू? घराचा प्लॅन काढला न, तेव्हा संजयनं सगळ्यात आधी तुमची खोली काढली. किचन नंतर. मी भांडले त्याच्याशी किचनवरून. तो म्हणाला, आप्पांना सकाळचं ऊन लागतं."

हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं असंही नाही.

"त्या भिंती बंद कधी होणार?" मी विचारलं.

"ड्रायवॉल? उद्या दुपारपासून लावणार म्हणे. का?"

"काही नाही."

संध्याकाळी संजय आला. बूट काढले, हात धुतले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आप्पा, दिवाळीच्या आधीचं तिकीट मिळतंय. काढू?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी

सकाळी लवकर अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि संजय चहा पीत होता तिथं जाऊन उभा राहिलो. "गाडी काढ. तुझ्या घराकडं चल."

त्यानं सूनबाईकडं बघितलं. ती भाकरी थापत राहिली.

घरापाशी कामगार आले होते. रेडिओवर त्यांच्या भाषेतलं गाणं लागलं होतं. ड्रायवॉलचे पांढरे तक्ते अंगणात रचून ठेवले होते. मी दारापाशी थांबलो. उंबरा असा नव्हताच, नुसती फळी होती. तिला हात लावून तो कपाळाला लावला आणि उजवा पाय आत टाकला. संजय मागं होता. त्यानं मला माझ्या त्या शब्दाची आठवण करून दिली नाही, आणि मी त्याचे उपकार मानतो.

खालच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीतनं ऊन येत होतं. खिडकीशेजारच्या दोन फळकुटांच्या मधला गुलाबी कापूस मी बाजूला करायला लागलो.

"आप्पा, हात लावू नका, काच असते त्यात, खाजेल," संजय म्हणाला. "काय करायचंय?"

मी डाव्या पायातली वहाण काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती बघितली, मग माझ्या पायाकडं बघितलं. काल सूनबाईनं त्याला एझ्राचं सांगितलं असणार, कारण त्यानं विचारलं नाही.

"भिंतीच्या आतलं तुझ्या असोसिएशनला दिसत नाही," मी म्हणालो.

"नाही दिसत."

"मग खिळा मार."

तो बाहेर जाऊन एका कामगाराकडनं हातोडी आणि खिळा घेऊन आला. त्यानं खिळा मारला, मी वहाण उलटी टांगली. मग त्यानंच सदऱ्याच्या बाहीनं बोटं झाकून कापूस परत नीट बसवला, पोराला पांघरूण घालावं तसा, हळू.

"आप्पा, मग तिकीट?"

"मला तिकडं जायचंय. माझं घर आहे तिकडं. पण वास्तुशांत झाल्यावर."

तो मान खाली घालून हातोडीचा दांडा पुसत बसला. मी म्हटलं, "ती दे त्या माणसाची त्याला, खोळंबला असेल."

बाहेर बारीक खडी होती. एक पाय वहाणेत, एक उघडा, आणि कालची टाच अजून दुखत होती. संजयनं हात पुढं केला. मी धरला. गाडीत बसल्यावर मी त्याला म्हटलं, "आता एवढ्या लांब आलोय तर दुकानात घे गाडी." आणि आम्ही दोघं मला बूट घ्यायला गेलो.